न आलेल्या बाईचा वाटा

शेवंतामावशी,

परवा पहिली गाडी तुझ्याच गावात नेली. वर्ध्याहून निघताना ड्रायव्हर म्हणाला, आधी हिंगणघाटच्या अलीकडची गावं करू, डिझेल वाचेल. मी म्हटलं, डिझेल गेलं खड्ड्यात, गाडी आधी वडनेरच्या रस्त्याला लाव. तुला शब्द दिला होता, तो पाळला. मात्र पोचायला दुपार झाली, आणि "आता येऊन राह्यली का वं डॉक्टरीन? लोकायचे जेवनं झाले!" असं म्हणायला ओट्यावर तू नव्हतीस. उशीर होऊनही मला कुणी बोललं नाही. सगळ्या बायांनी मुकाट्यानं बसायला गोणपाट सारलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

तू मार्गशीर्षात गेलीस. अजून दोन महिनेही झाले नाहीत. लोक मला विचारतात, ती तुमची कोण होती? खरं सांगायचं तर मी डॉक्टर आणि तू आमच्या अभ्यासातली एक बाई, एवढंच आपलं नातं. तू भाजीपाला पिकवायचीस, मी लोकांचं रक्त घेत गावोगाव फिरायचे. मावशी मी तुला पहिल्या दिवशी उगाच म्हटलं, जशी सगळ्यांना म्हणते. नंतर ते खरं होऊन बसलं. आता तू नाहीस तर ते नातं मी कुठं ठेवू, हे मला कळत नाही.

पहिला दिवस आठवतो ना? तुमच्या गावच्या शाळेत आम्ही किडनी तपासायला आलो होतो. तुमच्याकडच्या बाया मोठ्या दवाखान्यात यायच्या त्या थेट शेवटच्या टप्प्यात, पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलताना दम लागलेला. भर उन्हात वाकून खुरपणी, पाणी मुद्दाम कमी प्यायचं कारण वावरात आडोसा नाही, आणि कंबर दुखली की किराणा दुकानातली गोळी. किडनी वाचवणारं एक नवं औषध आलं होतं. पण ते तपासलं होतं मोठ्या शहरांतल्या माणसांवर, ज्यांच्या डोक्यावर पंखा होता आणि हाताशी पाण्याची बाटली. वैशाखात वांग्याच्या वाफ्यात बसणाऱ्या बाईला ते लागू पडतं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही ते विचारायला निघालो होतो, आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

तू रांगेत पुढं होतीस. बाही वर करण्याआधी म्हणालीस, "रक्त घ्या, रक्ताले काय हाय. पन निकाल सांगाले याल का नाई? मांगं थे हत्तीपायवाले रक्त न्याले आलते, गेले थे गेलेच."

"येईन," मी म्हटलं.

"सगळेच म्हनते येईन." मग माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलंस आणि हात पुढं केलास.

तुझ्या किडनीचा आकडा चांगला निघाला नाही. कंबरेच्या गोळ्या आजपासून बंद, असं मी तुला किती वेळा सांगितलं! तू मान डोलवायचीस, "हो माय, सोडल्या," म्हणायचीस, आणि पदराच्या गाठीत गोळ्या बांधलेल्या असायच्या. एकदा गाठ सुटून त्या माझ्याच समोर घरंगळल्या, तर म्हणालीस, "ह्या इंदूच्या हायेत." इंदू तुझ्या दोन घरं पलीकडची, तिशीतली पोर, तीही आमच्या अभ्यासात. तिनं तिथंच तोंडाला पदर लावून हसायला सुरुवात केली. मी तुझ्यावर ओरडले. तूही माझ्यावर ओरडलीस की कंबर तुझी आहे, माझी नाही. आज लोक तुझं देवमाणूस म्हणून वर्णन करतात तेव्हा मला ती गाठ आठवते. तू भयंकर हट्टी होतीस, आणि त्या गोळ्यांच्या बाबतीत ठार चुकलेली होतीस.

आणि मग आपलं ते भांडण, जे मिटलंच नाही.

तुमच्या गल्लीतला रिवाज मी पहिल्यांदा पाहिला तो एका बाजाराच्या दिवशी. तुम्ही सगळ्या एकाच ऑटोनं हिंगणघाटला भाजी घेऊन जायचात आणि एकाच ऑटोनं परत यायचात. न खपलेली भाजी घरी कुणी नेत नसे. ती चावडीसमोरच्या ओट्यावर, गोणपाटावर ओतायची; कुणाची मेथी, कुणाचा सांबार म्हणजे कोथिंबीर, कुणाची मऊ पडलेली टमाटरं. तू बसून त्याचे वाटे लावायचीस, काटा नाही, माप नाही, नुसत्या नजरेनं. एक बाई पाठ करून बसायची. तू एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचीस, "हा कोनाचा?" ती न बघता एक नाव घ्यायची. मग तो वाटा तिचा, त्यावर तक्रार नाही. आणि जी त्या दिवशी आली नसेल, तापानं पडली असेल किंवा बाळंतीण असेल, तिचाही वाटा निघायचा. शेजारीण तो तिच्या दारात नेऊन हाक मारायची, "वाटा आनला वं!"

मी विचारलं होतं, "पण तिनं तर आज काहीच आणलं नाही ना?"

"थे का हौसेनं घरी राह्यली?" तू म्हणालीस, आणि पुढच्या वाट्यावर हात ठेवलास.

मी तेव्हा जरा हुशारी केली. आमच्या अभ्यासात अर्ध्या बायांना खरं औषध मिळणार होतं आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मात्र सगळ्यांना. कुणाला काय मिळालं हे ना बाईला कळणार, ना मला. हे समजावून सांगताना भल्याभल्या डॉक्टरांच्या तोंडाला फेस येतो. मला तुमचा ओटा आयता सापडला. म्हटलं, बायांनो, आम्हीही असंच करतो. पाठ करून नाव घेतो. कोणता वाटा कुणाचा, आधी कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना लगेच पटलं. फक्त तू कपाळाला आठी घातलीस.

"पन तुये वाटे तं सारखे नाईत."

"नाहीत. सारखे केले तर औषध चालतं की नाही ते कळणार कसं?"

"सारखे नसतीन तं पाठ करून काय फायदा?"

याचं उत्तर मी दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण तू ते मनावर घेतलं नाहीस, हे मला काही महिन्यांनी कळलं.

उरलेल्या कॅप्सूल मोजायला आले आणि तीनदा मोजल्या. प्रत्येक बाईच्या बाटलीत सारख्याच उरलेल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. माणसं औषध अशी घेत नाहीत. कुणी विसरतं, कुणी लग्नाला जातं, कुणी दोन दिवस रुसतं. मी इंदूला बाजूला घेतलं. तिनं सरळ सांगून टाकलं. बाटल्या मिळाल्या त्याच दिवशी तुम्ही सगळ्या ओट्यावर बसला होतात. गोणपाटावर सगळ्या कॅप्सूल ओतल्या, हातानं सारख्या केल्या, तू वाटे लावलेस, आणि कुणीतरी पाठ करून नावं घेतली. मी मोजायला येण्याच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्याही पुन्हा तशाच ओतून सारख्या वाटल्या.

"मावशी, हे काय करून ठेवलंस?"

"वाटून घेतल्या."

"का पण?"

"काऊन म्हन्जे? एकाच गल्लीत अर्ध्या बायायले औषध अन् अर्ध्यायले भुसा, असं कुठी राह्यते का? आता सगळ्यायच्या पोटात थोडं थोडं गेलं. कोनीच उपाशी नाई."

"अगं, थोडं थोडं कुणालाच पुरत नाही! आणि कुणाला काय दिलं होतं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

"तुले नाई सांगता येत. इंदूले तं बरं वाटून राह्यलं."

"इंदूला बरं वाटतंय कारण ती आता पाणी पिते!"

"मंग थे बी तं आमीच सांगतलं न तिले."

तुझ्याशी भांडणं म्हणजे चिखलात काठी मारणं, शिंतोडे आपल्याच अंगावर. पण मीही काही कमी नव्हते. माझ्या बापाचं कारंज्याला हायवेवर किराणा दुकान. ढाबेवाले, ट्रकवाले गिऱ्हाईक, घासाघीस रोजची. बाप म्हणायचा, डोळा लबाड असतो, काटा नसतो. मी त्या काट्यासमोर बसून अभ्यास केला, दुसऱ्या कशावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या गावाचं सगळं काम हिशेबातून बाद करावं लागलं. ते सांगायला आले तेव्हा तू विचारलंस, "मंग आमचं रक्त गेलं कुठी?" मी म्हटलं, "वाया गेलं, मावशी. तू वाटलंस म्हणून वाया गेलं." तू उठून घरात गेलीस. मीही चहा न घेता गाडीत बसले.

बरेच दिवस आपण बोललो नाही. मग एका सकाळी वर्ध्याला माझ्या खोलीबाहेर, बाकं रिकामी असताना, भिंतीला टेकून जमिनीवर तू बसलेली. मांडीवर वांग्यांची पिशवी.

"राग गेला का?"

"नाही."

"मंग वांगे घे अन् राग ठेव."

मी हसले, काय करणार! आणि त्या दिवशी तू म्हणालीस ते माझ्या कानात आहे. "पुऱ्या गावाले एकच दे वं. खरं तं खरं, भुसा तं भुसा. पन एका गल्लीत दोन नोको. पायजे तं गावागावात चिठ्ठ्या टाक. आमी नाई वाटनार. माही जबान."

फुगू नकोस हं, ही पद्धत काही तू शोधून काढलेली नव्हतीस. गावंच्या गावं अशी वाटून अभ्यास करतात, आमच्या मोठ्या सरांनाही ते माहीत होतं. त्याला गावं जास्त लागतात, माणसं लागतात, म्हणून आम्ही टाळत होतो. तुझ्या ओट्यावरच्या प्रकारानंतर टाळणं शक्य नव्हतं. सरांनी नव्यानं सगळं मांडलं, आणि गावकऱ्यांच्या वतीनं बैठकीला तुला बोलावलं. तू तिथं अर्धा वेळ पेंगत होतीस. बिस्किटं मऊ पडलीत म्हणून माझ्या कानाशी कुरकुरलीस. सर बोलता बोलता म्हणाले, औषध लागू पडलं तर पुढचं सरकार बघेल, तेव्हा मात्र तू डोळे उघडलेस.

"सरकार पाह्यीन तेव्हा पाह्यीन. तुमी पाहाल का नाई? ज्या गावाच्या नशिबात भुसा येईन, थे गाव का हौसेनं भुसा खाईन? औषध चाललं तं पह्यली गाडी भुसावाल्या गावात पायजे."

सर म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही सर, लिहा. हे मात्र आपण दोघींनी मिळून केलं. आपल्या सगळ्या भांडणांत एवढी एकच गोष्ट अशी आहे, जिच्यात तू आणि मी एका बाजूला होतो.

चिठ्ठ्यांच्या दिवशी गावोगावच्या बाया आल्या होत्या. स्टीलच्या डब्यात हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या. ज्या रंगाची चिठ्ठी, त्या रंगाच्या झाकणाच्या बाटल्या त्या गावाला. कोणत्या रंगात औषध, हे आमच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, ते लांब कुठंतरी कुलपात होतं. तुझी धाकटी बहीण गिरजा, गिरडच्या टेकडीखालच्या गावात दिलेली, तिनं तिच्या गावासाठी हिरवी काढली. तुझ्या गावासाठी तू डब्यात हात घातलास, डोळे मिटलेस, आणि पिवळी काढलीस.

त्यानंतर तुमच्या गावात एक कॅप्सूल इकडची तिकडं झाली नाही. पोलिसपाटलापेक्षा तुझा धाक जास्त. इंदूच्या सासूनं आपली बाटली पाहुण्याला दाखवायला उघडली, तर तू तिला भर गल्लीत झापलंस. मी मनात म्हणायचे, बघा, माझं म्हणणं पटलं शेवटी बाईला.

आणि तू खाली खाली जात होतीस. सुरुवातीला पायावर सूज, मग तोंडावर. जेवण जाईना. अभ्यासातल्या कुणाचीही तब्येत अशी उतरली की जे उपचार असतात, ते सगळे आम्ही केले. दसऱ्यानंतर डायलिसिस सुरू झालं. एकदा एसटी चुकली म्हणून मी तुला आमच्या गाडीनं घरी सोडायला आले. हिंगणघाट मागं पडलं आणि तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, "डॉक्टरीन, पिवळ्यात भुसाच असंल का वं?"

"मला नाही माहीत, मावशी. खरंच नाही."

"माईत असतं तं सांगतलं असतं का?"

रस्त्याच्या दोन्हीकडे कापूस फुटलेला होता. तू माझ्या मांडीवर थापटलंस आणि म्हणालीस, "राहू दे. तुये वांगे राह्यले न माह्या घरी, उतरून घेजो."

हे मला तुला सांगायचं राहिलं. माहीत असतं तर मी सांगितलं नसतं. आणि सांगितलं नसतं म्हणून रात्रंदिवस तडफडले असते. दोन्ही खरं आहे. तुला दोन्ही कळलं होतं, म्हणूनच तू वांग्यांवर गेलीस.

तू गेल्याचा फोन रेखाचा, तुझ्या सुनेचा. सकाळी मेथीच्या जुड्या बांधायला बसलीस आणि भिंतीला टेकलीस, एवढंच ती सांगू शकली. मी आले तेव्हा अर्ध्या जुड्या बांधलेल्या होत्या, अर्ध्या सुट्या पडल्या होत्या. डॉक्टर म्हणून मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत, पण त्या सुट्या मेथीकडे मला बघवेना. मी गाईच्या गोठ्यामागं जाऊन मोठ्यानं रडले. बरं झालं तू बघितलं नाहीस. "डॉक्टरीन असून रडते," असं गावभर करून ठेवलं असतंस.

तेरवीला गिरजा माझ्याजवळ येऊन बसली. तुझ्यासारखंच नाक, तुझ्यासारखंच बसणं. तिनं मला ते सांगितलं जे तू कधी सांगितलं नाहीस. डायलिसिसच्या आधी, पाय सुजायला लागले होते तेव्हा, तुम्ही दोघी दरवर्षीसारख्या गिरडला टेकडीवर दर्ग्याला गेला होतात. चादर चढवून पायऱ्यांवर टेकलात, तेव्हा गिरजानं कमरेच्या पिशवीतून हिरव्या झाकणाची बाटली काढली.

"मी बोलली, घे बाई. आमच्या गावच्या बायायची सूज उतरून राह्यली, मले बी बरं हाय. तुयावालं काई खरं दिसत नाई. एक बाटली गेली तं कोनाले कळते?"

"मग?"

"तिनं हातात घेतली. झाकन उघडून वास घेतला. बराच टाइम धरून बसली. मले वाटलं घेते. मंग माह्याच पदरात टाकली अन् बोलली, एका बाटलीचे किती वाटे लावू वं मी?"

गिरजा डोळे पुसत होती. मी विचारलं, आणखी काही बोलली का? "खाली उतरता उतरता बोलली, डॉक्टरीनले सांगू नोको, थे कावंल."

मावशी, तेव्हापासून मी यातून बाहेर आले नाही. तू ती बाटली परत का केलीस? मला दिलेली जबान पाळायची म्हणून? तसं असेल तर भांडण मी जिंकले, आणि असं जिंकणं मला नको होतं. की तू शेवटपर्यंत माझं काही ऐकलंच नव्हतंस? गल्लीतल्या सगळ्यांना पुरणार नाही ते एकटीनं खायचं नाही, हेच तुझं जुनं म्हणणं टेकडीवर बसून खरं केलंस? तू पिवळ्या गावाला धाक घालत होतीस तो माझ्या काट्यासाठी नव्हताच की काय? तू असतीस तर मी तुला दंडाला धरून विचारलं असतं. आणि तू दुसऱ्याच कुठल्यातरी भाजीवर गेली असतीस.

त्या दिवशी मी टेकडीवर असते तर काय म्हटलं असतं, हेही मी स्वतःला विचारते. परत कर म्हटलं असतं, असं वाटतं. मग तुझे सुजलेले पाय डोळ्यांसमोर येतात आणि माझी खात्री जाते.

गेल्या महिन्यात कुलूप उघडलं. खोलीत आम्ही सगळे होतो. सरांनी वाचलं: हिरव्यात औषध होतं, पिवळ्यात नव्हतं. आणि औषध चाललं. आपल्या उन्हात, आपल्या बायांवर चाललं. लोक एकमेकांचे हात हातात घेत होते, कुणीतरी पेढे आणायला पळालं. मीही हसले असेन, मला आठवत नाही. मला फक्त तू डोळे मिटून डब्यात घातलेला हात दिसत होता.

ती बाटली घेतली असतीस तर वाचली असतीस, असं मी म्हणू शकत नाही. तुझ्या कंबरेच्या गोळ्यांनी आधीच पुष्कळ नासधूस केली होती. औषधानं पुष्कळजणींना गुण आला हे खरं, पण एका बाईचं काय झालं असतं हे कुणालाच सांगता येत नाही. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. घरी येऊन दिवा लावते तेव्हा ते मला पटत नाही.

आणि हेही खरं की तुम्ही पिवळ्या झाकणाच्या बाया तशाच प्रामाणिक राहिला नसतात, तर हिरव्याचं खरं कुणाला कळलंच नसतं. तुझं रक्त या वेळी वाया गेलं नाही, मावशी. एवढं सांगायला मी आले होते.

परवा बाजाराचा दिवस होता. ऑटो नुकताच आला होता, टोपली अजून ओट्यावरच होती. मी उभी राहून सांगितलं, पिवळं रिकामं होतं. मग इंदू म्हणाली, "म्हन्जे आमी इतके दिवस भुसाच खाल्ला?"

"हो."

"अन् हिरव्यावाल्यायले?"

"त्यांना औषध होतं. लागू पडलं."

इंदूची सासू मागून म्हणाली, "शेवंताचाच हात थो. पत्त्यात बी कधी तिले धड पान आलं नाई." सगळ्या हसल्या, आणि हसता हसता रेखानं पदर डोळ्यांना लावला. मी सांगितलं की म्हणूनच गाडी आधी इथं आली आहे, खरं औषध घेऊन. औषध सरकारी दवाखान्यात मिळावं म्हणून सर खेटे घालत आहेत, ते कधी होईल सांगता येत नाही, पण तोवर ही गाडी येत राहील. इंदूनं बाटली हातात घेऊन खालून वरून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ह्या वाटाच्या नाईत न आता?"

"नाही गं बाई. जिची तिनं खायची."

एकेकीच्या नावाची बाटली दिली. तुझ्या नावाची नव्हती. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही काढतो, काढावंच लागतं, ते मीच काढलं होतं. आमच्या कामात न आलेल्या बाईचा वाटा नसतो.

बाटल्या पदराआड गेल्या आणि बायांनी नेहमीसारखं गोणपाट ओढलं. उरलेली मेथी, सांबार, थोडी वांगी. वाटे आता रेखा लावते. तुझ्यासारखे सुबक नाहीत, एक ढीग सरळ सरळ मोठा होता. मी निघाले तर इंदूची सासू म्हणाली, "थांब वं डॉक्टरीन. आज तू बस पाठ करून."

मी बसले. समोर चावडीची भिंत, मागं बाया.

"हा कोनाचा?"

"इंदूचा."

"हा कोनाचा?"

एकेक नाव घेत गेले. सगळ्या झाल्या, सगळ्यात शेवटी रेखाचंही नाव घेतलं. मी उठायला हात टेकला, तेवढ्यात मागून रेखाचा आवाज आला, जरा हलका.

"हा कोनाचा?"

पाठ करून बसलेल्या बाईनं वळून बघायचं नसतं. मी भिंतीकडेच बघत राहिले.

"मावशीचा," मी म्हटलं.

"हो," रेखा म्हणाली, आणि तो वाटा माझ्या ओंजळीत दिला. तुझं घर ओट्यापासून काही लांब नाही. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं, सगळ्या ओट्यावरच होत्या. मेथीची माती माझ्या हाताला लागली होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि शेजारणी मारतात तशी, गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं हाक मारली.

"मावशे, वाटा आनला वं!"